अर्थसंकल्प छापण्याआधी बाजाराला विचारा

बडोद्यातल्या अनेक मराठी कुटुंबांचे दुकान, छापखाना किंवा दवाखाना अजून रावपुऱ्यात नाहीतर दांडिया बाजारात आहे. राहायला मात्र ती केव्हाच मांजलपूरला, वासणा रोडला, वाघोडिया रोडला गेली. मतदार यादीत नाव घराच्या वॉर्डात आणि बिगरनिवासी वेरो, म्हणजे महापालिकेचा मिळकत कर, दुकानाच्या वॉर्डात. दुकानासमोरचे गटार तुंबले की ज्या नगरसेवकाकडे जायचे, त्याला या माणसाच्या मताची गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याच्या हद्दीत ते गटार येत नाही. मकरपुरा जीआयडीसीतल्या (गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीतल्या) कारखान्याची गोष्ट आणखी पुढची. खासगी मर्यादित कंपनीला मतच नाही. ती जीआयडीसीचा सेवा आकार भरते, महापालिकेचा वेरो भरते आणि पावसाळ्यात गेटवर वाळूची पोती रचते.

महापालिकेचा अर्थसंकल्प ठरण्याआधी शहरातल्या व्यवसायांशी बोलणे या एका कारणासाठीसुद्धा आवश्यक आहे. व्यापाऱ्यांना जास्तीचा मान द्यावा असे आमचे म्हणणे नाही. मतपेटीतून ज्यांचे म्हणणे त्या वॉर्डापर्यंत पोचतच नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट हवी, एवढेच. आणि ती वाट डिसेंबरात 'सूचना पाठवा' असे आवाहन करून तयार होत नाही.

इंग्लंडमध्ये हे काम कायद्यात लिहिलेले आहे. तिथल्या १९९२ च्या स्थानिक शासन वित्त कायद्याच्या कलम ६५ नुसार नगरपरिषदेला दर वर्षी खर्चाच्या प्रस्तावांबद्दल व्यावसायिक मिळकतींचा कर भरणाऱ्यांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करावी लागते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तिथे व्यावसायिक कराचा मूळ दर नगरपरिषद ठरवत नाही, १९९० पासून तो केंद्र सरकार ठरवते. म्हणजे दर हातात नसलेल्या संस्थेवरसुद्धा विचारण्याचे बंधन आहे. आपल्याकडे उलट. गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, बारा सदस्यांची स्थायी समिती त्यात फेरफार करते आणि सर्वसाधारण सभा २० फेब्रुवारीच्या आत कराचे दर ठरवते. दर इथेच ठरतात, आणि या सगळ्या क्रमात करदात्याशी बोलण्याचा टप्पा कुठेच नाही. अर्थात कायद्यात लिहिले म्हणजे सगळे सुधारते असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपरिषदेला आपला खर्च उत्पन्नातून भागत नाही, अशी कायदेशीर नोटीस काढावी लागली. विचारल्यामुळे पैसा वाढत नाही. उरलेला पैसा कुठे जावा, याचा निर्णय त्यामुळे बरा होतो.

पैसा मुळात किती मोकळा उरतो, हे कळल्याशिवाय या चर्चेला अर्थ नाही, आणि बाजारात नेमके हेच फार थोड्यांना ठाऊक असते. नोव्हेंबर २००७ मध्ये गुजरातच्या महापालिकांची जकात गेली. स्वतःच्या उत्पन्नातला तो सगळ्यात मोठा झरा होता आणि शहराचा व्यापार वाढला की तो आपोआप वाढायचा. बदल्यात राज्याचे अनुदान आले. त्याचा आकडा गांधीनगरला ठरतो. व्यवसाय वेरो २००८ पासून स्थानिक संस्थांकडे आला खरा, पण घटनेच्या कलम २७६ मुळे तो एका माणसामागे वर्षाला २,५०० रुपयांच्या वर नेता येत नाही, आणि ही मर्यादा १९८८ पासून तशीच आहे. राहिला मिळकत वेरो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ या काळातल्या अनुदानासाठी अट घातली की लेखे वेळेत प्रसिद्ध करा आणि मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या सरासरी वाढीइतकी तरी वाढवत न्या. शिवाय दहा लाखांवरच्या शहरांसाठी, ज्यांत बडोदे येते, तो पैसा हवेची गुणवत्ता आणि पाणी-सफाई यांनाच बांधलेला. थोडक्यात, ओढून वाढवता येईल असा एकच कर उरला आहे, आणि त्यात बिगरनिवासी मिळकत निवासी मिळकतीपेक्षा जड दराने भरते.

खर्चाच्या बाजूलाही हात बांधलेलेच. पगार आणि निवृत्तिवेतन, पंपांची आणि रस्त्यावरच्या दिव्यांची वीज, घरोघरी कचरा उचलण्याचे ठेके, राज्य-केंद्राच्या योजनांतला महापालिकेचा वाटा. आजवा तलाव १८९२ पासून शहराला पाणी देतो आणि ते बरेचसे उताराने येते. महीकाठच्या विहिरींचे पाणी मात्र पंपाने ओढावे लागते, आणि शहर जितके पसरेल तितके हे वीजबिल वाढणार. त्यात आता व्याज आले. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये ७.१५ टक्क्यांनी १०० कोटींचे कर्जरोखे काढले आणि २०२४ मध्ये ७.९० टक्क्यांनी आणखी १०० कोटींचे हरित (पर्यावरणाच्या कामांसाठीचे) रोखे. दोन्हींचे मुद्दल पूर्ण बाकी असताना वर्षाचे व्याज १५ कोटी ५ लाख रुपये होते. रोखे काढणे चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही. सांडपाण्याची कामे वीस-तीस वर्षे टिकतात, त्यांचा भार एकाच वर्षाच्या करावर टाकणे योग्य नव्हे. पण हे १५ कोटी कुठल्याही सभेत 'हे करा, ते करा' म्हणणाऱ्याच्या समोर आकडा म्हणून ठेवलेले असले पाहिजेत.

म्हणून पहिली मागणी सल्ल्याची नाही, एका कागदाची आहे. ए-फोर आकाराचा एक कागद, गुजराती, हिंदी आणि मराठीत. डाव्या बाजूला मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष जमा-खर्च. अंदाज नव्हे, प्रत्यक्ष. महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा एकूण आकडा दर वर्षी मोठा दिसतो, कारण त्यात भांडवली कामांची अपेक्षित अनुदाने धरलेली असतात. ती आली नाहीत की काम पुढच्या वर्षाच्या पुस्तकात पुन्हा छापले जाते. व्यापाऱ्याला हा प्रकार लगेच समजतो, न झालेल्या विक्रीवर खर्च ठरवायचा नसतो हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. उजव्या बाजूला दर शंभर रुपयांच्या महसुली उत्पन्नातले किती रुपये आधीच बांधलेले आहेत आणि किती मोकळे. त्याखाली आपल्या वॉर्डातून निवासी वेरो किती आला, बिगरनिवासी किती, थकबाकी किती. हे सगळे आकडे महापालिकेच्या संगणकात असतातच. ते एका कागदावर यायला धोरण लागत नाही, दोन दिवस लागतात.

दुसरी गोष्ट वेळेची. आयुक्तांचा मसुदा जानेवारीच्या अखेरीस स्थायी समितीपुढे जातो. विभागांच्या मागण्या त्याच्या बऱ्याच आधी गोळा होतात. म्हणजे डिसेंबरात आलेली सूचना चांगली असली तरी तिला लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते) मिळत नाही, फार तर 'नोंद घेतली' असा शेरा मिळतो. खरा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा. पण बडोद्यात नवरात्र सुरू झाले की बाजार, वाहतूक पोलीस आणि महापालिका तिघेही गरब्यात अडकतात, त्यानंतर दिवाळीची गर्दी, आणि मग लाभपाचमीपर्यंत शटर बंद. उरतो तो पितृपक्ष. या पंधरवड्यात कापड, सोने, भांडी, वाहने कोणी सहसा घेत नाही, गल्ल्यावर माणूस मोकळा असतो. सभा तेव्हा घ्यावी, सकाळी नऊ ते साडेदहा, म्हणजे जुन्या बाजाराचे शटर उघडण्याआधी. महिन्याच्या ११ आणि २० तारखा टाळाव्यात, त्या जीएसटी विवरणपत्रांच्या आहेत. मसुदा तयार झाल्यावर उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, दुसरी, छोटी बैठक.

बोलवायचे कोणाला, यात सगळ्यात जास्त गफलत होते. सोपा मार्ग म्हणजे चेंबरला पत्र. व्हीसीसीआय (वडोदरा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री) आणि फेडरेशन ऑफ गुजरात इंडस्ट्रीज या जबाबदार संस्था आहेत, त्यांना बोलवलेच पाहिजे. पण त्यांच्या सभासदांचे प्रश्न वीज, जड वाहनांचे रस्ते, सांडपाण्याची जोडणी असे असतात. हाथीखान्यातल्या धान्य व्यापाऱ्याला ट्रक उभा करायला जागा हवी असते, घडियाळी पोळेतल्या सराफाला रात्री दिवा आणि कॅमेरा. मंगळ बाजारातल्या पथारीवाल्याला सकाळी आपली जागा कोणी उचलणार नाही याची हमी हवी असते, आणि तिथल्याच दुकानदाराला पथारी हलवलेली हवी असते. हे भांडण एका प्रतिनिधीच्या तोंडून कळणार नाही. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर विक्री समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला, असे ठरवून दिले आहे. त्या सदस्यांना अर्थसंकल्पाच्या बैठकीला बोलवायला वेगळा ठराव लागत नाही.

ऑगस्ट २०२४ च्या पुराने या बाबतीत एक मोठा धडा दिला. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ फुटांच्या वर गेले. त्यानंतर राज्य सरकारने व्यापाऱ्यांसाठी मदत जाहीर केली. लारीला (हातगाडीला) ५,००० रुपये, ४० चौरस फुटांपर्यंतच्या पक्क्या केबिनला २०,०००, त्याहून मोठ्या केबिनला ४०,०००, महिन्याला ५ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या पक्क्या दुकानाला ८५,०००, आणि त्यावरच्या उलाढालीला २० लाखांपर्यंतच्या कर्जावर ७ टक्के व्याजसवलत. या पाच पायऱ्या पुरानंतर थोड्या दिवसांत आखल्या गेल्या, म्हणजे व्यवसायांचे इतके बारीक वर्ग करणे शक्य आहे. त्यातली अडचणही बोलकी आहे. वर्षाला ४० लाखांखाली माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही, मग त्याची उलाढाल कोणत्या कागदाने सिद्ध व्हावी? भाडेकरूच्या नावावर वीजबिल नसते, वेऱ्याचे बिल मालकाच्या नावावर. नुकसान ज्याचे झाले त्याचे नाव कोणत्याच यादीत नाही, असे होऊ शकते. सल्लामसलतीसाठी माणसे निवडताना फक्त वेऱ्याची यादी घेतली तर हेच पुन्हा होईल: मालकाला पत्र जाईल आणि दुकान चालवणारा बाहेर राहील.

आमचा हिशोब असा. १९ वॉर्ड, प्रत्येकी ६० फॉर्म, म्हणजे १,१४०. त्यात २५ स्वतःच्या जागेत व्यवसाय करणारे, २० भाडेकरू, १५ लारी-टपरी-केबिन. पहिले २५ वेऱ्याच्या यादीतून ठरावीक अंतराने उचलायचे, ओळखीचे निवडायचे नाहीत. भाडेकरू गुमास्ता नोंदणीतून मिळतील, मात्र २०१९ च्या कायद्यानंतर थोडे कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी फक्त सूचना द्यायची असते, त्यामुळे ती यादी अपुरी निघेल आणि गल्लीत फिरूनच पुरी करावी लागेल. दोन कर्मचारी, रोज प्रत्येकी दहा फॉर्म, एका वॉर्डाचे तीन दिवसांत काम होते. जीआयडीसी आणि गोरव्याच्या औद्योगिक भागाची बैठक वेगळी. त्यांचे फॉर्म दुकानदारांच्या फॉर्ममध्ये मिसळले की सरासरी निघते आणि ती कोणाच्याच कामाची नसते.

फॉर्मवर 'आपल्याला कोणत्या सुविधा हव्यात' हा प्रश्न नकोच. त्याचे उत्तर 'सगळ्या' असेच येणार. सात कामे लिहावीत, प्रत्येकासमोर वर्षाचा खर्च आणि भांडवली काम असेल तर नंतरच्या देखभालीचा वार्षिक खर्च. प्रत्येकाला वीस गुण. एका कामाला आठांपेक्षा जास्त नाही, आणि दोन कामांना शून्य दिलेच पाहिजे. देखभालीचा रकाना फार महत्त्वाचा. बाजारातून हमखास बहुमजली पार्किंगची मागणी येते. इमारत अनुदानातून उभी राहील, पण लिफ्ट, पाळीचे कर्मचारी, अग्निशमन यंत्रणेची तपासणी, वीज हे सगळे महसुली खात्यातून, म्हणजे त्याच मोकळ्या थोड्या रुपयांतून. ते लिहून दाखवले की रात्रीच्या सफाईला आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांना गुण मिळायला लागतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू, कारण बडोद्यात व्यवसायाचे सर्वात मोठे नुकसान पाण्याने होते आणि पाणी फक्त नदीतून येत नाही. पावसाचे पाणी विश्वामित्रीपर्यंत नेणाऱ्या कांसा, म्हणजे भूखी, रूपारेल, मासिया हे नाले आणि त्यांचे फाटे, या तुंबल्या की नदी धोक्याच्या पातळीखाली असतानाही दुकानात घोटाभर पाणी येते. समजा एक किलोमीटर लांबीची, तीन मीटर रुंदीची कांस आहे आणि तळाशी अर्धा मीटर गाळ. गाळ झाला १,५०० घनमीटर. मोठा डंपर एका फेरीत साधारण १० घनमीटर नेतो, म्हणजे १५० फेऱ्या. चार डंपर, रोज प्रत्येकी पाच फेऱ्या, तर आठ दिवस. हा हिशोब कागदावर छापून त्या कांसेकाठच्या दुकानदारांना दिला तर ते काम सुरू असताना स्वतः फेऱ्या मोजतील, आणि बिलात १५० लिहून प्रत्यक्षात ४० झाल्या तर कोणाच्या लक्षात येणार नाही असे होणार नाही. मोजमाप लांबीवर ठरवले की गाळ उपसण्याऐवजी वरचे गवत कापून किलोमीटर पुरे होतात, म्हणून पैसे काट्यावरच्या वजनावर किंवा फेऱ्यांवर द्यावेत. उपसलेला गाळ काठावरच ठेवला तर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या पहिल्या मोठ्या सरीत तो परत आत जातो, आणि हे दर वर्षी कुठे ना कुठे घडते. एकदा मे महिन्यात सफाई केली तरी पहिल्या पावसाने प्लास्टिक, थर्माकोल, बांधकामाचा राडारोडा पुन्हा वाहून आणलेला असतो, म्हणून जुलैच्या शेवटी दुसरी, हलकी सफाई लागते. आता खरा प्रश्न विचारता येतो: या वॉर्डात यंदा बाजारातल्या फुटपाथचे पेव्हर ब्लॉक बदलायचे, की त्याच पैशात कांसेची दुसरी सफाई? आमच्या मते उत्तर स्पष्ट आहे. पण ते दुकानदारांनी आकडे पाहून दिले तर पुढच्या वर्षी पेव्हर ब्लॉक का झाले नाहीत, याचे स्पष्टीकरण नगरसेवकाला एकट्याने द्यावे लागणार नाही.

मताबरोबर नुकसानीचे आकडेही गोळा केले पाहिजेत. मागच्या पावसाळ्यात किती दिवस शटर बंद राहिले? दहा हजार लिटरचे टँकर किती मागवले? तळघरातला माल किती भिजला, आणि विम्यात पुराचे संरक्षण होते का? (दुकानाच्या विम्यात वादळ-पुराचा भाग काढून हप्ता कमी केलेला असतो, हे अनेकांना दावा करतानाच कळते.) 'गटार खराब आहे' या तक्रारीसमोर आयुक्त काही करू शकत नाहीत. 'या दोनशे मीटरमधल्या ४० दुकानांचे मिळून इतके दिवस गेले' हा आकडा स्थायी समितीपुढे ठेवता येतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की व्यापारी फक्त वेरो कमी करा म्हणतील. म्हणतील, पहिल्या दहा मिनिटांत. पण प्रामाणिकपणे वेळेवर भरणाऱ्याचा खरा राग दरावर कमी आणि न भरणाऱ्या शेजाऱ्यावर जास्त असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये थकबाकीसाठी दुकानांना सील लागते तेव्हा मोठी थकबाकी कोर्टात अडकलेली आणि छोट्याचे शटर बंद, असे चित्र बाजाराला दिसते. वॉर्डाची थकबाकी रकमेच्या गटांप्रमाणे, नावे न घेता, त्या कागदावर छापली की चर्चा दरावरून वसुलीवर येते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: झोपडपट्टीतल्या नळाचे काय, तिथे कोण विचारणार? बिगरनिवासी वेरो जास्त भरतो म्हणून बाजाराचा दिवा आधी आणि वस्तीतला नळ नंतर, असे झाले तर ती सल्लामसलत नसलेलीच बरी. म्हणून पिण्याचे पाणी, सांडपाणी, आरोग्य केंद्रे आणि शाळा या बाबी व्यवसायांच्या फॉर्मवर येताच कामा नयेत. सात कामे बाजार आणि औद्योगिक भागातल्या सेवांचीच असावीत, आणि वेऱ्याच्या दरावर व्यापाऱ्यांना नकाराधिकार नसावा. दर ठरवणे हे निवडून आलेल्यांचे काम आहे, त्यांनी ते उघडपणे करावे.

आणि उत्तर लेखी हवे. प्रत्येक सूचनेला क्रमांक, तिचे लेखाशीर्ष, 'मान्य', 'अंशतः मान्य' किंवा 'अमान्य', कारण एका ओळीत, आणि उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा. ही नोंदवही मसुद्याबरोबर जानेवारीत प्रसिद्ध व्हावी आणि पुढच्या सप्टेंबरच्या सभेची सुरुवात तिच्यापासून व्हावी: मान्य केलेल्यांपैकी किती पैसा खर्च झाला, सुधारित अंदाजात किती कापला गेला. बैठकीला निर्णयाचा अधिकार असलेला अधिकारी, किमान उपायुक्त, आणि लेखा विभागाचा माणूस बसलेला पाहिजे. वॉर्डाच्या कनिष्ठ अभियंत्याला पुढे केले तर तो 'वर कळवतो' म्हणेल आणि त्याचा काही दोष नसेल. पहिल्या वर्षी लोक उत्सुकतेने येतात. नोंदवही निघाली नाही तर दुसऱ्या वर्षी फक्त ज्यांची ठेकेदारीची बिले अडकली आहेत ते येतात, आणि त्या सभेतून अर्थसंकल्पाला काहीच मिळत नाही.

सगळ्या १९ वॉर्डांत एकदम सुरू करण्याची गरज नाही. जुन्या बाजाराचा एक, मकरपुऱ्याच्या बाजूचा एक आणि नदीकाठचा एक, असे तीन वॉर्ड यंदा घ्यावेत. १८० फॉर्म, तीन सभा, एक नोंदवही. फॉर्म छापण्याचा आणि कर्मचाऱ्यांच्या नऊ दिवसांचा खर्च महापालिकेच्या कुठल्याही एका उद्घाटनाच्या मंडपाइतकाही होणार नाही, आणि त्यासाठी स्थायी समितीचा एक ठराव श्रावण संपण्याआधी व्हायला हवा.